नळातून आलेली कावीळ



आज आपण नळाच्या पाण्याचा इतिहास ऐकणार आहोत. धरण कोणी बांधलं, गावात नळ कधी आले, तो इतिहास नव्हे. आजची गोष्ट एका आजाराची आहे. हा आजार नळातून घरात शिरला, त्याला स्वतःचं नाव मिळायला ३५ वर्षं लागली आणि त्याची सगळ्यांत मोठी किंमत गरोदर बायकांनी मोजली. हा आजार म्हणजे कावीळ. काविळीची कारणं पुष्कळ असतात, त्यांतली दूषित पाण्यातून येणारी ही एक. डॉक्टर तिला आज हिपॅटायटिस ई म्हणतात.

आधी थोडं मागे जाऊ या. दूषित पाण्यातून पटकी आणि विषमज्वर पसरतो, हे एकोणिसाव्या शतकात लोकांच्या लक्षात आलं. मग शहरांनी वाळूच्या थरांतून पाणी गाळायला सुरुवात केली. १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटी या शहराच्या पाण्यात रोजच्या रोज क्लोरीन मिसळू लागले आणि हळूहळू ती पद्धत जगभर गेली. पटकी आणि विषमज्वराच्या साथी त्यामुळे खरोखरच कमी झाल्या. विहिरीचं पाणी एकवेळ वाईट असेल, पण नळाचं पाणी म्हणजे सरकारने शुद्ध करून दिलेलं पाणी, असा विश्वास बसला तो तेव्हापासून. तो उगाच बसला नव्हता. पण त्या विश्वासात एक भोक होतं, आणि ते दिसलं आपल्या राजधानीत.

साल १९५५. दिल्लीला पिण्याचं पाणी यमुनेतून मिळायचं. वझिराबाद इथे नदीतून पाणी उपसायचं, गाळायचं, क्लोरीन घालायचं आणि नळांना सोडायचं, अशी व्यवस्था होती. याच भागात शहराचं सांडपाणी वाहून नेणारा नजफगड नाला यमुनेला मिळतो. तो मिळतो पाणी उपसण्याच्या जागेच्या खालच्या अंगाला, म्हणून नेहमी काही बिघडत नसे. नदी घाण पुढे घेऊन जाई.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरला तेव्हा नदीने आपली धार बदललेली होती. मुख्य प्रवाह उपसा केंद्रापासून दूर सरकला. तिथे पाणी कमी झालं आणि नाल्याचं पाणी पुढे जाण्याऐवजी उलटं फिरून उपशाच्या तोंडापाशी येऊ लागलं. नोव्हेंबर महिन्यात जवळपास आठवडाभर दिल्लीच्या नळांना जे पाणी गेलं, त्यात शहराचाच मैला मिसळलेला होता.

पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यांच्या हे ध्यानात आलं नाही असं नाही. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीनही वाढवलं. त्याचा उपयोगही झाला, कारण त्यानंतर दिल्लीत विषमज्वर किंवा हगवणीची साथ उसळली नाही. पाणी पुन्हा नेहमीसारखं झालं आणि सगळं निभावलं असंच वाटलं असणार.

मग डिसेंबर उजाडला आणि घरोघर माणसं पिवळी पडू लागली. भूक नाही, उलट्या, अंगात कसर, लघवी गडद पिवळी आणि मग डोळे पिवळे. डिसेंबर आणि जानेवारीत मिळून सुमारे २९,३०० लोकांना उघड कावीळ झाली असा अंदाज नंतरच्या पाहणीतून निघाला.

नोव्हेंबरात पाणी बिघडलं आणि कावीळ डिसेंबरात का आली? हा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण पाच-सहा आठवडे जातात. ही गोष्ट लक्षात ठेवा मैत्रिणींनो, कारण पुढे तिचं काम आहे. आज घरात कावीळ आली तर दोष आजच्या पाण्याचा नसतो, महिना-दीड महिन्यापूर्वीच्या पाण्याचा असतो. तोवर ते पाणी वाहून गेलेलं असतं आणि त्याची आठवणही कोणाला नसते.

दुसरा प्रश्न, क्लोरीन भरपूर घातलं होतं तरी हे घडलं कसं? पाण्यात मैला जास्त असला की क्लोरीन त्या मैल्यावरच खर्च होतं, जंतूंना मारायला पुरेसं उरत नाही. शिवाय पटकी किंवा विषमज्वराचे जिवाणू क्लोरीनने जितके लवकर मरतात, तितके काविळीचे विषाणू मरत नाहीत. ते जिवाणूंपेक्षा खूपच लहान असतात आणि घाणीच्या कणांच्या आडोशाने टिकून राहतात. प्रयोगशाळेत पाण्याची नेहमीची तपासणी होते ती जिवाणूंची. जिवाणू सापडले नाहीत म्हणून विषाणूही नाहीत असं म्हणता येत नाही, हा दिल्लीचा पहिला धडा.

दुसरा धडा बायकांनी शिकवला. दिल्लीच्या साथीचा अभ्यास डॉ. आर. विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९५७ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चच्या पुरवणी अंकात तो छापून आला. त्यात तीन गोष्टी ठळक होत्या. पहिली, आजारी पडलेल्यांत लहान मुलांपेक्षा तरुण, कमावत्या वयाची माणसं जास्त होती. दुसरी, घरातल्या एकाला कावीळ झाली म्हणून बाकीच्यांना त्याच्यापासून ती लागली, असं फारसं दिसलं नाही. तिसरी, गरोदर बायकांचा आजार इतरांपेक्षा फार वाईट वळण घेत होता. त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण जास्त होतं.

ही तिसरी गोष्ट कागदावर आली खरी, पण तिचा अर्थ लागला नाही. त्या काळी अन्नपाण्यातून येणारी कावीळ एकाच प्रकारची मानली जाई. ती पोरासोरांना होते, आपोआप बरी होते, असा समज होता. दिल्लीची कावीळही त्याच खात्यात जमा झाली. गरोदर बायका दगावल्या त्याचं कारण गरीबीत, अशक्तपणात, अपुऱ्या खाण्यात शोधलं गेलं. हा आजारच वेगळा असेल, ही शंका पुढे येईपर्यंत जवळपास पाव शतक गेलं.

ती शंका पुढे आली काश्मीरमध्ये. १९७८ च्या नोव्हेंबरात सोपोर आणि गुलमर्गच्या परिसरातल्या गावांत कावीळ पसरली. तिथे लोक ओढ्या-कालव्यांचं पाणी पीत होते. श्रीनगरचे तरुण डॉक्टर मोहम्मद सुलतान खुरू यांच्यापुढे एकामागून एक गरोदर बायका बेशुद्धावस्थेत येऊ लागल्या. ते आणि त्यांचे सहकारी गावोगाव, घरोघर फिरले आणि त्यांनी मोजणी केली. ही मोजणी आम्ही तुम्हाला आकड्यांसह सांगतो, कारण असे आकडे बायकांच्या बाबतीत क्वचितच कोणी इतक्या नीट मांडतं.

पाहणीत २०८ गरोदर बायका होत्या. त्यांपैकी ३६ जणींना कावीळ झाली, म्हणजे शंभरात सतरा. त्याच गावांतल्या गरोदर नसलेल्या ३,३५० बायकांपैकी कावीळ झाली ७१ जणींना, म्हणजे शंभरात दोन. पुढे ऐका. कावीळ झालेल्या ३६ गरोदर बायकांपैकी आठ जणींचं यकृत पूर्ण निकामी झालं. गरोदर नसलेल्या ७१ जणींपैकी अशी वेळ एकीवरही आली नाही. पाणी तेच, गावं तीच, खाणंपिणंही तेच. फरक फक्त गरोदरपणाचा होता. धोका पहिल्या तीन महिन्यांपेक्षा त्यानंतरच्या महिन्यांत जास्त होता. त्यामुळे नुसतं गरीबीचं आणि अशक्तपणाचं कारण पुरेसं नाही, हे या मोजणीने दाखवून दिलं.

आणखी एक कोडं होतं. आपल्या देशात तेव्हा बहुतेकांना लहानपणीच हिपॅटायटिस ए ही कावीळ होऊन गेलेली असे, कित्येकदा कळतसुद्धा नसे. ती एकदा झाली की पुन्हा होत नाही. मग ही तरणीताठी माणसं पुन्हा पिवळी कशी पडत होती?

याचं उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याचा वाटा आहे. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं होतं, त्यालाच पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हे नाव मिळालं. १९७८-७९ मध्ये खुद्द पुण्यातही काविळीची साथ आली. संस्थेच्या संचालक तेव्हा डॉ. खोर्शेद पावरी होत्या, त्या पदावर बसलेल्या पहिल्या स्त्री. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या डोरिस वाँग, रॉबर्ट पर्सेल यांच्याबरोबर भारतातल्या साथींमधले रक्तनमुने तपासले. त्यांत पुण्याच्या आणि अहमदाबादच्या साथींचे नमुने होते, तसेच दिल्लीच्या १९५५-५६ च्या साथीतले जपून ठेवलेले जुने नमुनेही होते. निष्कर्ष १९८० साली लॅन्सेट या नियतकालिकात आला. ही कावीळ हिपॅटायटिस ए नव्हती आणि बी पण नव्हती. दिल्लीच्या नळातून पंचवीस वर्षांपूर्वी आलेला पाहुणा तिसराच कोणीतरी होता.

तो नेमका कोण, हे शोधायला मॉस्कोतले शास्त्रज्ञ मिखाईल बलायान यांनी धाडसच केलं. अशा रुग्णांच्या विष्ठेतून तयार केलेला अर्क त्यांनी स्वतः घेतला. पाचेक आठवड्यांनी त्यांना कावीळ झाली. त्यांच्याच विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली नवा विषाणू दिसला. ही १९८३ सालची गोष्ट. १९९० मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत त्याची जनुकीय ओळख पटली आणि नाव ठरलं, हिपॅटायटिस ई. दिल्लीच्या साथीपासून ३५ वर्षं झाली होती.

नाव मिळालं म्हणून साथी थांबल्या का? नाही. नाव मिळालं त्याच हिवाळ्यात, १९९०-९१ मध्ये, कानपूरला साथ आली. सुमारे ७९,००० लोकांना कावीळ झाली. ज्या भागांना गंगेचं पाणी नळाने जात होतं, तिथे ती कूपनलिकेच्या पाण्यावरच्या भागांपेक्षा कितीतरी जास्त होती. २०१२ च्या उन्हाळ्यात आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या इचलकरंजीत, यंत्रमागांच्या त्या गजबजलेल्या शहरात, हजारो लोक काविळीने आजारी पडले आणि काहींचा जीव गेला. कारण तेच, हिपॅटायटिस ई. २०१५ च्या अखेरीस आणि २०१६ च्या सुरुवातीला शिमल्यात पुन्हा तेच घडलं. तिथे अश्वनी खड या ओढ्यातून शहराला पाणी जाई आणि त्याच्या वरच्या अंगाला मल्याणा इथलं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र होतं. तिथून नीट शुद्ध न झालेलं पाणी ओढ्यात उतरत होतं. दिल्लीत नाला उलटा फिरला होता तो पुरामुळे. शिमल्यात तर नदीने दिशा बदलण्याचीही गरज पडली नाही.

आता नदीवरून आपल्या दारातल्या नळाकडे येऊ. आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी चोवीस तास येत नाही. कुठे दिवसाआड, कुठे चार दिवसांनी, कुठे रोज तासभर. पाणी चालू असतं तेव्हा जलवाहिनीत दाब असतो. एखादी चीर असली तर त्यातून पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं की वाहिनी रिकामी होते, दाब संपतो, आणि मग त्याच चिरेतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून गटार किंवा ड्रेनेजची लाइन जात असेल तर आत येतं ते गटाराचं. पुढच्या वेळी पाणी सुटतं तेव्हा ते सगळं आधी आपल्या घागरीत येतं. काही घरी थेट नळाला मोटर लावतात. ती मोटर पाण्याबरोबर ही घाणही ओढते, आणि आपल्याच नव्हे तर शेजारणीच्या नळातही तिचा वाटा जातो. म्हणून पाणी आलं की पहिलं गढूळ, वास येणारं पाणी भांड्याधुण्यालासुद्धा घेऊ नये. ते झाडांना, संडासाला वापरावं आणि पाणी साफ दिसू लागल्यावर पिण्याचं भरावं.

पण साफ दिसलं म्हणजे सुरक्षित झालं असं नाही, हे दिल्लीने शिकवलंच आहे. मग घरात काय करायचं? आमच्या मते आजच्या गोष्टीतून निघणारं काम अगदी थोडं आहे, पण चुकवू नये असं आहे.

घरात कोणी गरोदर असेल तर तिचं पिण्याचं पाणी उकळलेलंच असावं. गावात काविळीची कुणकुण असेल तर सगळ्यांचंच. पाण्याला खळखळ उकळी येऊ द्यावी, मिनिटभर ती तशीच चालू ठेवावी, झाकण घालून निववावं आणि त्याच भांड्यात ठेवावं. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं वापरावं, हात बुडवू नये. गॅस महाग आहे, सरपण आणायला बाईलाच जावं लागतं, हे आम्हाला ठाऊक आहे. सगळ्या घराचं पाणी उकळणं जमत नसेल तर निदान त्या एकीचं उकळा. काश्मीरच्या मोजणीने तिचाच धोका सगळ्यांत मोठा असल्याचं दाखवलं आहे.

यंत्र विकणारे दारात येतात, पाण्यात एक मीटर बुडवतात आणि आकडा दाखवून घाबरवतात. तो टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो. विषाणू मोजत नाही. आकडा कमी आला म्हणून पाणी निर्धोक नाही आणि जास्त आला म्हणून त्यात कावीळ आहे असंही नाही.

आता कावीळ उतरवण्याबद्दल. आपल्याकडे काविळीची माळ घालतात. चुन्याच्या पाण्याने हात धुवून पिवळं पाणी निघालं की कावीळ उतरली म्हणतात. पुष्कळांना त्यानंतर बरं वाटतं, कारण ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. श्रेय माळेला जातं. पण गरोदर बाईच्या बाबतीत माळेची वाट पाहण्यात जे दिवस जातात, ते तिच्याकडे नसतात. पोटातल्या बाळालाही धोका असतो, ते पोटातच दगावू शकतं किंवा दिवस पुरे होण्याआधी जन्मू शकतं. म्हणून गरोदरपणात डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ती गुंगीत जाऊ लागली, असंबद्ध बोलू लागली किंवा कुठून रक्त येऊ लागलं, तर थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावं. सासू, जाऊ, नणंद, आशाताई, जिच्या कोणाच्या ध्यानात हे पहिल्यांदा येईल तिने निर्णय घ्यावा. घरातल्या पुरुषांच्या परतण्याची वाट पाहू नये.

आणि काविळीच्या बाईला वाळीत टाकल्यासारखं वेगळं बसवू नका. दिल्लीच्या पाहणीतच दिसलं होतं की हा आजार शेजारी बसल्याने सहसा लागत नाही. संडासाहून आल्यावर साबणाने हात धुणं पुरे. तिला दोन घास गरम आणि विसावा हवा आहे, दूरचं ताट नको.

या आजारावर लस निघाली आहे. चीनने २०११ साली तिला मान्यता दिली आणि २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधल्या बेंतिऊ इथल्या विस्थापितांच्या छावणीत साथ रोखण्यासाठी ती पहिल्यांदा वापरली गेली. आपल्या नेहमीच्या लसीकरणात मात्र ती नाही. म्हणजे आपल्या हाती आज उरतं ते पाणीच.

आणि पाणी काही फक्त चुलीवर शुद्ध होत नाही. बायकांनी आणखी किती उकळायचं? घरातलं पाणी उकळणं ही साथीच्या दिवसांतली ढाल आहे, कायमची व्यवस्था नव्हे. म्हणून ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात चार प्रश्न विचारायला शिकू या. आपलं पाणी नेमकं कुठून उपसलं जातं? त्याच्या वरच्या अंगाला कोणाचं सांडपाणी मिळतं? आपल्या गल्लीत पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन एकमेकींपासून किती दूर आहे? आणि शेवटच्या नळाला क्लोरीनची तपासणी शेवटची कधी झाली? चौथा प्रश्न विचारताना टाकीजवळच्या नळाचा आकडा घेऊ नका. वस्तीच्या टोकाच्या नळाचा मागा, कारण क्लोरीन संपतं ते तिथे.

गावात दोन-तीन घरांत कावीळ दिसली तर आणखी एक काम करा. वहीत लिहा. कोणाला झाली, कोणत्या तारखेला झाली, घर कोणत्या गल्लीत, पाणी कोणत्या नळाचं. आणि पाच-सहा आठवडे मागे जाऊन आठवा, तेव्हा पाणी गढूळ आलं होतं का, लाइन फुटली होती का, खोदकाम चालू होतं का. काश्मीरमध्ये खुरूंनी केलं ते याहून वेगळं नव्हतं. ते घरोघर गेले, बायकांना विचारलं आणि लिहून घेतलं. वही आरोग्य केंद्रात दाखवा आणि तिची एक प्रत आपल्याकडे ठेवा.